खेळल्याशिवाय लिहायचं नाही

प्रिय मुली,

टीव्हीच्या बातम्यांत तुझं गेमवरचं पॅकेज मी पाहिलं. कॉलेज रोडच्या गेमिंग कॅफेतला तो मुलगा, ज्याने हेडफोन मानेवर सरकवून तुला समजावलं की गेममध्ये गोळ्या झाडताना बंदूक वर उचलली जाते, माउस हळूहळू खाली ओढून ती सावरावी लागते आणि रोज सराव केल्याशिवाय हात बसत नाही, तो टीव्हीवर जेमतेम दिसला. चेहरा धूसर, बाइट गायब, वर व्हॉइसओव्हर: 'तरुणाई गेमच्या विळख्यात'. रात्री तू दोन प्रश्न पाठवलेस. नोकरी सोडू का? आणि गेमवर मराठीत लिहिलं तर वाचेल कोण?

नोकरी आत्ता सोडू नकोस, घरभाडं कुणाला चुकलंय. दुसऱ्या प्रश्नाचा मात्र मला राग आला. वाचेल कोण हे नंतर. तू खेळून लिहिणार आहेस का, ते आधी सांग.

आपल्याकडे गेमची बातमी होते ती गुन्हा, व्यसन किंवा बंदी म्हणून. 2017 मध्ये तू शाळेत असशील. मुलांना आत्महत्येकडे नेणारा गेम म्हणून 'ब्लू व्हेल' चॅनेलांवर दिवसरात्र चालला. डाउनलोड करून खेळावा असा तो गेमच नव्हता. जानेवारी 2018 मध्ये सरकारने लोकसभेत सांगितलं की तपासलेल्या आत्महत्यांशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही. ते मात्र कुणी ब्रेकिंग म्हणून चालवल्याचं मला आठवत नाही. पुढे सप्टेंबर 2020 मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली. स्टुडिओत चर्चेला बसलेल्यांपैकी किती जणांनी, त्या गेमची सुरुवात जिथून होते त्या विमानातून, एकदा तरी उडी मारली होती? कालिदास कलामंदिरात प्रयोग न पाहता कुणी नाट्यपरीक्षण लिहिलं तर नाशिककर त्याला दारात उभं करणार नाहीत. गेमच्या बाबतीत मात्र हे सर्रास चालतं. खेळल्याशिवाय लिहायचं नाही, एवढी साधी गोष्ट कुणाला पाळायची नाही.

गेमवरचं माझं सदर चालायचं तेव्हा 'डिजिट' या संगणकविषयक मासिकाच्या अंकाबरोबर सीडी यायची, तिच्यात गेमचे डेमो असायचे. सीबीएस बसस्थानकाजवळच्या स्टॉलवर मी अंकाची वाट बघायचो. सदरात पहिल्याच परिच्छेदात यायचं की गेम कोणत्या मशीनवर चालवला, रॅम किती, ग्राफिक्स कार्ड होतं की नव्हतं, कुठे अडकला. सिडकोतला, पंचवटीतला मुलगा वडिलांकडे हट्ट धरण्याआधी ते वाचायचा. मग एकदा जाहिरात विभागातून एका गेमची प्रेसनोट आली, सोबत अर्ध्या पानाची जाहिरात आणि 'याचं परीक्षण होऊन जाऊ द्या' असा निरोप. गेम नाशकात पोचलाही नव्हता. मी नाही म्हटलं. थोड्याच दिवसांत सदराची जागा शब्दकोड्याला गेली.

लोक अजून म्हणतात, एवढं ताणायला नको होतं, एक प्रेसनोट छापली असती तर सदर टिकलं असतं. टिकलं असतं, पण वाचणाऱ्या पोरांचं राहिलं नसतं. मी तेव्हा बरोबर होतो आणि आज तीच वेळ आली तर तेच करेन. खंत एवढीच की मागे कुणी उरलं नाही. म्हणून तर तुला एवढं लिहितोय.

बाहेर सगळं आलबेल आहे असं समजू नकोस. अमेरिकेतलं 'गेम इन्फॉर्मर' 1991 पासूनचं मासिक. मालकी गेम विकणाऱ्या दुकानसाखळीची. त्याच मालकांनी ते ऑगस्ट 2024 मध्ये बंद केलं. नवा मालक मिळाला तेव्हा 2025 मध्ये ते परत आलं. 'जी फोर' हे गेमचं चॅनेल 2014 च्या अखेरीस संपलं, 2021 मध्ये नव्याने उभं राहिलं आणि वर्षभरात पुन्हा गुंडाळलं गेलं. आणि गेमचा परीक्षक जेफ गर्स्टमन. नोव्हेंबर 2007 मध्ये गेमस्पॉटवर त्याने 'केन अँड लिंच'ला दहापैकी सहा गुण दिले, तेव्हा त्याच संकेतस्थळावर त्या गेमच्या जाहिराती झळकत होत्या. त्याच महिन्यात त्याची नोकरी गेली. जाहिरातींचा दबाव होता हे त्याला उघडपणे बोलता आलं ते थेट 2012 मध्ये. पण तो गेम खेळला होता, म्हणून त्याच्या सहा गुणांना वजन होतं. न खेळता दिलेल्या दहाला ते कुठून येणार?

आता काम. पुण्याच्या नॉडिंग हेड्स स्टुडिओचा 'राजी' हा गेम 2020 मध्ये आला. त्याबद्दल आपल्याकडचं जे मी वाचलं त्यात कौतुक भरपूर होतं, गेम कुठेच नव्हता. त्याची नायिका राजी भिंतीवर धावत जाते, खांबाला धरून गिरकी घेते आणि त्याच वेगात त्रिशूळ चालवते, हे कुणी लिहिलं? कथा बाहुल्यांच्या खेळातून उलगडते, दुर्गा आणि विष्णू तिच्याबद्दल आपसात बोलत राहतात, हे? शत्रूंची गर्दी झाली की मधे राजी कुठे आहे ते सापडत नाही आणि शेवट तुटल्यासारखा येतो, हेही लिहायला हवं होतं. आपल्या पोरांनी केलाय म्हणून सांभाळून घेणं म्हणजे त्यांना गंभीरपणे न घेणंच.

तो विकत घे, फुकट कॉपी कुणाकडे मागू नकोस. पूर्ण कर. मग आठशे शब्द लिही: कोणत्या मशीनवर खेळलीस, किती पैसे पडले, हात कुठे अडला. 'नयनरम्य ग्राफिक्स' असं एकदाही लिहिलंस तर मी पुढे वाचणार नाही. मजकूर घेऊन रविवारी दुपारी घरी ये. शेवटची लढाई बाकी असेल तर या रविवारी येऊ नकोस, पुढच्या रविवारी ये.