उपग्रहावरून जमीन खचणं मोजता येतं, मग भूमिगत कोळसा खाणीवर खुंट्या ठोकून लेव्हलिंग (जमिनीची उंची वारंवार मोजणं) कशाला करायचं?

खाणीत सर्व्हेअर म्हणून नोकरी केली आणि याच विषयावर वरिष्ठांशी माझं वाजलं होतं, म्हणून लिहितो.

डीपिलरिंग (छताला आधार म्हणून सोडलेले कोळशाचे खांब काढणं) चालू असलेल्या पॅनलवरच्या (खाणीच्या आखलेल्या भागावरच्या) शेतात भेगा पडल्या. वरिष्ठ म्हणाले, चिकण माती उन्हाने तडकतेच. पण उन्हाची तडक जाळीसारखी कुठेही पसरते आणि पाऊस पडला की मिटते. ही भेग पॅनलच्या कडेला समांतर, सरळ गेली होती आणि तिचा गोफकडचा (कोळसा काढून झालेल्या पोकळीकडचा) काठ वीतभर खाली बसला होता. त्यांनी लेव्हलिंगचं रजिस्टर पुढे केलं: खचणं नगण्य. दिसणार कसं? मोजणीचा बेंचमार्कच (ज्याच्याशी उंची ताडून बघतात तो स्थिर बिंदू) पॅनलला खेटून होता. सीमची (कोळशाच्या थराची) खोली आणि ड्रॉचा कोन (खचणं पॅनलच्या कडेबाहेर किती पसरतं ते सांगणारा) धरला तर तो प्रभावक्षेत्राच्या आतच येत होता, म्हणजे जमिनीबरोबर तोही खाली चालला होता. मी लांबच्या पक्क्या बेंचमार्कवरून लेव्हल आणली आणि खचणं कागदावर आलं. तरीही अहवालात ‘नैसर्गिक भेगा’च गेल्या. तो राग अजून गेलेला नाही.

आता उपग्रह. सेंटिनेल-१ या उपग्रहाच्या रडारची तरंगलांबी सुमारे ५.६ सेंमी. दोन फेऱ्यांच्या मधे शेजारच्या दोन पिक्सेलच्या खचण्यातला फरक तिच्या चौथ्या भागाहून, म्हणजे साधारण १.४ सेंमीहून वाढला की हिशेब फसतो. लाँगवॉलवर (कोळसा लांब सलग पट्ट्यात कापून मागचं छत कोसळू देण्याची पद्धत) तर जमीन सीमच्या जाडीच्या निम्म्याहून जास्त बसू शकते, तीही भराभर. वर उभं पीक असलं की सिग्नल आणखी बिघडतो. भेग तर त्या पिक्सेलमध्ये दिसतच नाही. चालू पॅनलवर फक्त उपग्रहावर विसंबणं मला बेजबाबदारपणा वाटतो.

भेगा पायी फिरूनच शोधाव्या लागतात. दोन्ही काठांवर खुंट्या ठोकून अंतर मोजा, आणि पावसाळ्याआधी माती ठासून भेग बुजवा. नाहीतर पाणी खाणीत उतरतं, आणि हवा गोफमध्ये शिरून उरलेला कोळसा आपोआप तापायला लागतो. सीम उथळ असेल तर अचानक खड्डाच पडतो. त्याची सूचना लेव्हलिंगही खात्रीने देत नाही, म्हणून तिथे कुंपण आधी घाला.

बंद पडलेल्या जुन्या खाणींवर, जिथे जमीन हळूहळू बसते, तिथे मात्र उपग्रह खरोखर उपयोगी आहे. लांब तरंगलांबीचं रडार मिळालं तर आणखी चांगलं.

पण बेंचमार्क ड्रॉच्या बाहेरच हवा. अहवालात प्रत्येक भेगेची दिशा, रुंदी आणि दोन काठांमधला उंचीचा फरक लिहा. ज्याला तिथे ‘नैसर्गिक’ लिहायचं असेल, त्याने शेतात येऊन, भेग बघून सही करावी.