पायाळूचा पाय आणि एमआरआयचा कागद

प्रश्न : मी ४६ वर्षांची, बार्शीजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. गेल्या श्रावणात वर्गातलं लोखंडी कपाट सरकवताना कंबरेत चमक भरली. तीन आठवडे झाले तरी कमी होईना म्हणून एमआरआय काढला. रिपोर्टमध्ये ‘एल-फोर एल-फाइव्ह डिस्क बल्ज, डिसिकेशन, थीकल सॅकवर दाब’ असं आलं. डॉक्टर म्हणाले, “मणक्यात गॅप आलाय. जपा, नाहीतर ऑपरेशन.” तेव्हापासून सात महिने मी पट्टा लावते, फळीवर झोपते, खाली बसत नाही, बादली उचलत नाही. फळ्यावरची खालची ओळसुद्धा मुलांकडून लिहून घेते. तरी दुखतंच, कधी उजव्या कुल्ल्यापर्यंत जातं. चकती पुन्हा जागेवर बसेल का? ऑपरेशन टळेल का?

उत्तर : ताई, आधी माझीच एक गोष्ट सांगते. मी पायाळू आहे, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. माण तालुक्यातल्या आमच्या गावात कुणाची उसण भरली की तो माणूस आमच्या ओसरीवर हजर. आजी त्याला घोंगडीवर पालथं झोपवायची आणि मला खेळातून ओढून आणायची. मी सात-आठ वर्षांची. त्याच्या कंबरेला तीनदा पाय लावायचा आणि पळायचं. मोबदला म्हणून मूठभर शेंगा, क्वचित पेरू. आठ-दहा दिवसांनी तोच माणूस रस्त्यात भेटून आजीला सांगायचा, “पोरीच्या पायाला गुण आहे हो.” आज फिजिओथेरपीत २७ वर्षं झाली, पण एवढं यश मला पुन्हा कधी मिळालं नाही.

त्या यशाचं गुपित सिडनीतल्या एका अभ्यासातून कळतं. तिथे नुकतीच कंबर धरलेल्या सुमारे १,६५० लोकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं तीन गटांत वाटलं. दोन गटांना वेगवेगळ्या पद्धतीने पॅरासिटामॉल दिलं, तिसऱ्याला औषध नसलेली, पण तशीच दिसणारी गोळी. २०१४ साली निकाल छापून आला. औषध घेणाऱ्यांपैकी निम्मे लोक बरे व्हायला १७ दिवस लागले, खोटी गोळी घेणाऱ्यांना १६. म्हणजे उसण तिच्या चालीने उतरत होती आणि श्रेय कधी गोळीला, कधी माझ्या पायाला जात होतं.

सगळ्यांची अशी उतरत नाही, हेही खरं. काहींची रेंगाळते, आणि तुमची तशातली दिसते. पण तिच्यावर सात महिन्यांचा जो पहारा बसला, त्याचं मूळ मला कपाटात कमी आणि त्या कागदात जास्त दिसतं.

‘गॅप’ हा शब्द आपल्याकडे कुणी रूढ केला कोण जाणे, मला त्याच्याशी एकदा भांडायचंय. गॅप म्हटलं की माणसाला वाटतं, हाडं एकमेकांपासून सुटली, आता आपण मधून मोडणार. प्रत्यक्षात एक्स-रेवर दिसतं ते उलट : दोन मणक्यांमधली मुळातली जागा थोडी कमी झालेली असते. चकतीही कॅरमच्या सोंगटीसारखी सरकत नाही. ती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते. बल्ज म्हणजे तिची कड जराशी फुगून बाहेर आलेली. तिला ‘जागेवर बसवून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. एल-फोर एल-फाइव्ह म्हणजे कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली जागा, थीकल सॅक म्हणजे कण्यातल्या नसांभोवतीची पिशवी. डिसिकेशन म्हणजे चकतीतलं पाणी कमी होणं. चाळिशी लागते तसंच ते. चष्मा लागला म्हणून तुम्ही वही तपासणं सोडलं नाहीत ना?

हे मी धीर द्यायला सांगत नाही, यावर मोजदाद झालेली आहे. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक आढावा आला. त्यात वयाच्या ४०व्या वर्षी ६८ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या होत्या आणि ५० टक्क्यांना बल्ज होता. पन्नाशीत हेच आकडे ८० आणि ६०. तुमच्या शिक्षकांच्या खोलीत तुमच्या वयाच्या, कधीही कंबर न दुखलेल्या सगळ्यांना त्या यंत्रात घातलं, तर निम्म्याजणींच्या हातात तुमच्यासारखाच कागद येईल.

आणि कागदही एकसारखा येईल असं नाही. अमेरिकेत काही डॉक्टरांनी कंबर आणि पाय दुखणाऱ्या ६३ वर्षांच्या एका बाईंचा एमआरआय तीन आठवड्यांत दहा वेगवेगळ्या सेंटरवर काढला. दहा रिपोर्टांत मिळून ४९ निरनिराळ्या गोष्टी लिहून आल्या. दहाही जणांनी लिहिली अशी त्यात एकही नव्हती. बाई एक, कंबर एक! हा अभ्यास २०१७ साली छापला गेला, तेव्हापासून मी तो पेशंटच्या नातेवाइकांना पाठ असल्यासारखा सांगते.

मग एमआरआय कधी काढायचा? उत्तराने उपचार बदलणार असेल तेव्हा. लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पायातली ताकद कमी होत चालली, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं, दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. ताप, विनाकारण घटणारं वजन, झोपूनही न थांबणारं रात्रीचं दुखणं, पूर्वी झालेला कॅन्सर, यांपैकी काही असेल तरी लवकर तपासणी हवी. आपल्याकडे मणक्याचा टीबीही विसरून चालत नाही. तुमच्या पत्रात यातलं काही नाही. तरी घरी एक करून बघा : दहा पावलं टाचांवर, दहा चवड्यांवर चाला. एखादा पाय लटका पडत असेल तर आधी डॉक्टरांकडून नीट तपासून घ्या, बाकीचं नंतर.

ऑपरेशनचं म्हणाल, तर ते प्रामुख्याने नस दबून पायात उतरणाऱ्या कळांसाठी असतं, नुसत्या कंबरदुखीसाठी नव्हे. त्यातही घाई असतेच असं नाही. नेदरलँड्समध्ये दीड ते तीन महिने अशा कळांनी, म्हणजे सायटिकाने, बेजार झालेल्या २८३ लोकांपैकी निम्म्यांचं लगेच ऑपरेशन केलं, निम्म्यांना थांबवलं. लगेच केलेल्यांना आराम लवकर पडला, पण वर्षअखेर दोन्ही गट सारखेच बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन करावं लागलं, तेही सांगते, नाहीतर म्हणाल बाईंनी सोयीचं तेवढंच सांगितलं.

आता तुमच्या पहाऱ्याकडे येऊ. फळी आजच काढा. स्पेनमध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ लोकांना निम्म्यांना कडक आणि निम्म्यांना मध्यम कडक गाद्या दिल्या. तीन महिन्यांनी मध्यम गादीवाल्यांची कंबर कमी दुखत होती. पट्टा एका दिवसात सोडवणार नाही, मला ठाऊक आहे. आधी घरात सोडा, मग शाळेत, शेवटी एसटीच्या प्रवासात. वाकणं परत सुरू करायचं. पहिला आठवडा अर्धी बादली, तिसऱ्या आठवड्यात पाऊण. जेवायला पाटावर बसा, उठताना हाताचा आधार घेतलात तरी चालेल. आणि फळ्यावरची खालची ओळ सोमवारपासून तुम्हीच लिहा. दुखेल. त्या दिवशी थोडं जास्त दुखून दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्वीसारखं झालं, तर काही बिघडलेलं नाही, पुढे चला. दोन-दोन दिवस चढंच राहिलं तर माप थोडं कमी करा, बंद करू नका.

चालणंही वाढवा. ऑस्ट्रेलियात नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ लोकांवर अभ्यास झाला, २०२४ साली तो प्रसिद्ध झाला. फिजिओच्या देखरेखीखाली हळूहळू चालणं वाढवणाऱ्यांची कंबर पुन्हा धरायला साधारण २०८ दिवस लागले, बाकीच्यांची ११२ दिवसांत धरली. बूट भारी नकोत, यंत्र नको, फी नको. म्हणून तर याची जाहिरात कुणी करत नाही.

प्रश्न : वय २७, चाकणला कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. वर्षभर कंबर दुखते. सकाळी तासभर आखडलेली असते, पहाटे दुखण्यानेच जाग येते. कामाला लागलो की बरं वाटतं, सुट्टीच्या दिवशी झोपून राहिलो की वाढतं. सगळे म्हणतात, आराम कर.

उत्तर : अरे, तू स्वतःच उत्तर लिहून पाठवलं आहेस! साधी कंबरदुखी बहुधा आरामाने सैल होते. आरामाने वाढणारी, सकाळी आखडणारी, तिशीच्या आत सुरू झालेली आणि तीन महिन्यांवर टिकलेली कंबरदुखी मणक्याच्या संधिवाताची, म्हणजे अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिसची, असू शकते. हाडांच्या डॉक्टरांऐवजी थेट संधिवाततज्ज्ञांना गाठ. टाच दुखते का, कधी डोळा लाल होऊन दुखला होता का, घरात कुणाला असं किंवा सोरायसिस आहे का, हे लिहून ने. सुरुवातीची काही वर्षं साध्या एक्स-रेत काहीच दिसत नाही, त्यामुळे ‘फोटो नॉर्मल आहे’ यावर परत फिरू नकोस. एमआरआय लागला तर कण्याचं खालचं टोक कटीच्या हाडाला जिथे जुळतं, त्या एसआय सांध्याचा हवा. नुसत्या मणक्यांचा काढून आलास तर पैसे वाया. एचएलए-बी२७ ची रक्तचाचणी मदत करते, पण तिच्या एकटीवर निदान होत नाही. यावर आता चांगली औषधं आहेत. व्यायाम मात्र कुणी सांगायची वाट न बघता सुरू ठेव.

प्रश्न : आई ७२ वर्षांची. आठ दिवसांपूर्वी न्हाणीघरात कुल्ल्यांवर आपटून पडली. तेव्हापासून कुशीवर वळताना ओरडते. दम्यासाठी बरीच वर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या घेते. मागच्या अंकात तुम्ही लिहिलं होतं की कंबरदुखीत फोटोची घाई नको, म्हणून थांबलोय.

उत्तर : थांबू नका. ते तरण्या, न पडलेल्या माणसांसाठी होतं. हे वय, हे पडणं आणि वर स्टिरॉइड, म्हणजे ठिसूळ झालेला मणका चेपला असण्याची शक्यता मोठी. आजच फोटो काढा. गाडीत पुढच्या सीटवर पाठीला उशी देऊन बसवा आणि तिथपर्यंत तेल लावून रगडायला कुणालाही देऊ नका. पायाळूलाही नाही.