अमेरिकन गायक ग्रॅम पार्सन्सच्या 'ग्रीव्हस एंजल' या दुसऱ्या सोलो अल्बमचं लोक एवढं कौतुक का करतात?

तुम्ही लिहिलंय की कंट्री-रॉकच्या (अमेरिकी कंट्री संगीत आणि रॉक यांच्या मिश्रणाच्या) प्रत्येक यादीत हा अल्बम दिसतो म्हणून दोनदा ऐकला आणि 'बरा आहे, पण रडका' यापलीकडे काही वाटलं नाही. माणूस तरुणपणी गेला म्हणून लोकांनी डोक्यावर घेतलाय का, असाही तुमचा संशय आहे.

थोडं तसंही आहे. १९ सप्टेंबर १९७३ ला कॅलिफोर्नियात, जोशुआ ट्रीच्या वाळवंटाजवळच्या एका मोटेलात पार्सन्स मॉर्फिन आणि दारूने गेला. वय २६. वर त्याच्या मॅनेजरने एका साथीदाराला घेऊन लॉस एंजेलिसच्या विमानतळावरून शवपेटीच पळवली आणि वाळवंटात नेऊन पेटवली. अल्बम आला जानेवारी १९७४ मध्ये. असला किस्सा चिकटल्यावर गाण्यांकडे कोण बघतो? पण एवढं होऊनही तेव्हा तो बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या खपाच्या यादीत १९५ व्या क्रमांकाच्या वर चढला नाही. डोक्यावर घेतला तो पुढच्या पिढ्यांनी.

माझं म्हणणं एवढंच, की तिसऱ्यांदा ऐकताना त्याचा आवाज सोडा, तिचा धरा. ती म्हणजे एमिलू हॅरिस, तेव्हा जवळपास अनोळखी, वॉशिंग्टनच्या क्लबांत गाणारी.

आपला कान एका चालीवर वाढलेला. युगुलगीत म्हटलं की एक ओळ त्याची, एक तिची, धृपदाला दोघं एकत्र, तेही बहुधा एकाच सुरात. इथे दोघं तेच शब्द एकदम म्हणतात, पण चाल त्याच्याकडे आणि ती बहुतेक वेळा त्याच्या वरच्या सुरांवर. ही रीत त्यांची नव्हे. लूव्हिन ब्रदर्ससारख्या भावाभावांच्या जोड्या १९५० च्या दशकात अशाच गायच्या, आणि त्यांचं एक गाणं या अल्बमात आहेही. पार्सन्सचा गळा तसा कच्चाच. सूर गाठता गाठता थरथरतो, कुठे फाटतोही. ती मात्र स्वच्छ, तारेसारखी. तो डगमगला की ती सावरायला धावत नाही, त्याच्याबरोबर तेवढीच थांबते. तुम्हाला जे रडकं वाटलं ते बहुधा एकट्या त्याला ऐकल्यामुळे.

'लव्ह हर्ट्स'वर हे सगळ्यात चटकन कळेल. आपल्यापैकी अनेकांनी ते नाझरेथ या रॉक बँडच्या आवाजात, हॉस्टेलच्या टेपवर ऐकलेलं. तिथे गायक ऊर फाडून ओरडतो. इथे दोघं ते जवळजवळ पुटपुटतात.

आणि सगळाच रडका नाही हो! गिटारवर जेम्स बर्टन, पियानोवर ग्लेन डी. हार्डिन, ड्रम्सवर रॉनी टट, हे सगळे एल्व्हिस प्रेस्लीचे साथीदार. 'ऊ लास वेगास'वर ते जे सुटतात, तिथे रडायला सवड कुठली? हळू गाण्यांत मागे जो सूर घसरत, वाकत जातो ती अल पर्किन्सची पेडल स्टील. ही गिटार आडवी ठेवलेली असते, तारांवरून धातूचा दांडका फिरवतात आणि पायाने पेडल दाबून सूर ओढतात. मींड आवडणाऱ्याने हिच्या वाटेला जावंच.

एक गंमत. 'उत्तर क्यूबेकमधून लाइव्ह' म्हणून जी दोन गाणी जोडून येतात, ती स्टुडिओतच ध्वनिमुद्रित केलेली आहेत. टाळ्या, आरोळ्या, बाटल्यांचा आवाज वरून घातलेला. मी कित्येक वर्षं फसलो होतो, मित्रांना 'बघा, लाइव्हमध्ये काय गातात' असं सांगायचो.

सर्वांत खटकणारी गोष्ट मुखपृष्ठाची. आधी ठरलेल्या मुखपृष्ठावर पार्सन्स आणि एमिलू, दोघांचा एकत्र फोटो होता. पार्सन्सच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने तो बदलायला लावला, आणि निळ्या रंगावर एकटा त्याचा चेहरा उरला. तिच्या दुःखाला नावं ठेवत नाही, पण त्या चित्रामुळे हा एका माणसाचा अल्बम आहे असं वाटतं. तुम्हीही प्रश्नात एमिलूचा उल्लेख केलेला नाही.

तेव्हा या वेळी शेवटापासून सुरू करा. 'इन माय अवर ऑफ डार्कनेस' दोघांनी मिळून लिहिलंय, गेलेल्या तीन मित्रांवर. गायिका लिंडा रॉन्स्टॅडचाही आवाज त्यात मिसळलाय. हेडफोन लावून ऐका, फोनच्या स्पीकरवर वरचा सूर हरवतो. त्यानंतर एमिलूचा १९७५ चा 'पीसेस ऑफ द स्काय' लावा. पार्सन्सच्या जाण्यावर तिने लिहिलेलं गाणं त्यात आहे.