आधी क्रमांक, मग डॅशबोर्ड

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. महापालिकेच्या सगळ्या विभागांचा डेटा एकत्र जोडायचं काम तुझ्याकडे आलंय, आणि पाणीपुरवठा विभाग नळजोडांची यादी देत नाही, करसंकलनवाले ‘लेखी मागा’ म्हणतात, लेखी मागितलं की ‘वरून आदेश आणा’. आणि इकडे सल्लागार कंपनी डॅशबोर्डचं, म्हणजे सगळे आकडे एकत्र दाखवणाऱ्या भिंतभर पडद्याचं, सादरीकरण घेऊन बसली आहे. आयुक्तांकडून परिपत्रक काढून घेऊ का, असं विचारतेस.

नको. परिपत्रक निघेल, माहिती ‘सादर’ही होईल: छापून, शिक्का मारून, वाकडी स्कॅन केलेली पीडीएफ. बस मग आकडे टाइप करत.

विभाग आडमुठे आहेत म्हणून डेटा जुळत नाही, हा समज आधी काढून टाक. उद्या सगळ्यांनी आनंदाने याद्या दिल्या तरी तुझं अडणारच आहे. एकच घर घे. करसंकलनाकडे ते मिळकत क्रमांकाने आहे. बांधकाम परवानगीकडे सिटी सर्व्हे नंबरने. नळजोड ग्राहक क्रमांकावर, तोही वारलेल्या आजोबांच्या नावे. आरोग्य खात्याच्या डेंग्यूच्या वहीत ‘मारुती मंदिरामागे, शेवटची खोली’. घर एकच, हे त्या भागातल्या मुकादमाला डोळे मिटून कळतं. तुझ्या सर्व्हरला कसं कळणार? म्हणून क्रमांक आधी. प्रत्येक विभागाच्या नोंदीत मिळकत क्रमांकाचा एक रकाना, आणि तो भरलेला.

न्यूयॉर्कचं उदाहरण तुला कोणीतरी ऐकवेलच, पण अर्धंच ऐकवेल. तिथल्या महापालिकेचा डेटा-विश्लेषण प्रमुख माइक फ्लॉवर्स याच्या चमूने नऊ लाख इमारतींची माहिती एकत्र केली. बेकायदा खोल्या पाडून भाड्याने दिल्याच्या वर्षाला 25,000 तक्रारी यायच्या आणि निरीक्षक जेमतेम 200. आधी शंभरातल्या 13 भेटींत घर रिकामं करण्याचा आदेश निघे, नंतर 70च्या वर. सगळे त्या 70चं कौतुक करतात. पण प्रत्येक खातं पत्ता आपापल्या पद्धतीने लिहीत होतं, तो आधी जुळवावा लागला, हे कुणाच्या सादरीकरणात नसतं. क्रमांक आधी!

आपल्याकडे तर गंमतच आहे. अनधिकृत बांधकामालाही आपण कर लावतो. वर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 267 अ मध्ये शास्तीची, म्हणजे दंडाची, तरतूद आहे. म्हणजे ते बांधकाम महापालिकेच्या एका मजल्यावर बिलासकट माहीत असतं आणि दुसऱ्या मजल्यावर ‘आढळून येत नाही’.

कारकुनावर चिडू नकोस. याद्या जुळल्या की नोंद नसलेले नळ उघडे पडणार आणि पहिली नोटीस त्यालाच येणार, हे तो जाणून आहे. तेव्हा ‘जुळणीत सापडलेली तफावत दुरुस्तीसाठी वापरली जाईल, चौकशीसाठी नाही’ एवढं उपायुक्तांच्या सहीने घे. वरून आणायचा कागद तो. 2023चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा दाखवून कोणी अडवलं, तर नाव, मोबाइल, आधार मागूच नकोस. मिळकत क्रमांक, नळ किती इंची, चालू की बंद. बास. क्रमांक असला की नावाची गरजच पडत नाही, हे मी बैठकीत किती वेळा बोललो असेन!

माझ्याबद्दल तिथे ऐकशील की हा माणूस हट्टी होता. होतोच. पडद्याच्या टिप्पणीवर मी प्रतिकूल शेरा लिहिला, पुढच्या यादीत माझी बदली झाली, पडदा बसला. आज त्यावर गळतीच्या तक्रारी लाल ठिपक्यांनी लुकलुकतात. ठिपका कोणत्या मिळकतीचा, ते विचारायला अजून मुकादमालाच फोन लागतो. मग माझं काय चुकलं, सांग? वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. एक प्रभाग जोडून होत आला होता. ती एक्सेलची फाइल कुठल्या पीसीवर राहिली कोण जाणे.

तू एकच प्रभाग घे. नळजोडाच्या टेबलावरच्या जुन्या माणसाशेजारी खुर्ची टाकून बस, सल्लागाराला सोबत नेऊ नकोस. आणि डॅशबोर्डची नस्ती (फाइल) तुझ्याकडे येईल तेव्हा नकार देऊ नकोस, माझ्यासारखी बदली ओढवून घेशील. नुसता शेरा मार: ‘मिळकत क्रमांकाची जोडणी विभागनिहाय किती टक्के पूर्ण, ते नमूद करून फेरसादर करावे.’