खोकला थांबल्यावर

"मॅडम, मी आता गांजा ओढत नाही. वाफ घेतो." असं म्हणत त्याने खिशातून पेनासारखं एक यंत्र काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. शेजारी बसलेल्या त्याच्या मोठ्या बहिणीने मान दुसरीकडे वळवली. दोघं एकच प्रश्न घेऊन आले होते, पण उत्तरं मात्र दोघांना उलटी हवी होती. मी "यात काही धोका नाही" म्हणावं, अशी त्याची अपेक्षा. तिला माझ्याकडून "हेही तितकंच वाईट" असं ऐकायचं होतं.

त्याला आपण निनाद म्हणू. नाव, वय आणि ओळख पटेल असे सगळे तपशील मी बदलले आहेत आणि त्याच्या संमतीनेच लिहिते आहे. हाच प्रश्न माझ्याकडे फार वेळा येतो. कधी आईवडील घेऊन येतात, कधी नवराबायको, कधी स्वतः घेणारा: धूर नाही म्हणजे नुकसान नाही ना?

निनाद २८ वर्षांचा. सहा वर्षं रोज रात्री एक जॉइंट, म्हणजे कागदात वळलेला गांजा, हा त्याचा नेम. मग सकाळी उठल्याउठल्या खोकला आणि कफ सुरू झाला, जिना चढताना छातीत घरघर व्हायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, धूर बंद करा. त्याने धूर बंद केला, गांजा नाही. आधी वाळलेला गांजा तापवणारं व्हेपोरायझर घेतलं, आणि काही महिन्यांनी गांजाच्या अर्काचं तेल भरलेल्या कार्ट्रिजवर चालणारं हे पेन. दोनेक महिन्यांत खोकला जवळजवळ गेला. "म्हणजे फुप्फुसं सुधारली ना? मग ताईला नक्की कशाची काळजी आहे?"

आधी मी त्याचं जे बरोबर होतं ते मान्य केलं. समोरच्याचं खरं असेल ते खरं म्हणायचं, हा माझा नियम आहे. भीती घालण्यासाठी एक जरी अर्धसत्य सांगितलं, तरी नेटवर सगळं वाचून आलेला माणूस ते तिथल्या तिथे ओळखतो आणि मग पुढचं खरंही ऐकत नाही. जॉइंट पेटतो तेव्हा त्याच्या टोकाला कित्येकशे अंश सेल्सिअस उष्णता असते. पान जळतं आणि त्या जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड, डांबर आणि तंबाखूच्या धुरातही असणारी कितीतरी विषारी द्रव्यं तयार होतात. व्हेपोरायझर पान साधारण १८० ते २२० अंशांपर्यंत तापवतो. टीएचसी हा गांजातला नशा आणणारा घटक तेवढ्या उष्णतेला वाफेत उतरतो, पण पान पेटत नाही. २००७ साली अमेरिकेत १८ निरोगी माणसांवर याचा प्रयोग झाला. दोन्ही पद्धतींत रक्तातला टीएचसी जवळपास सारखाच भरला, पण वाफ घेतल्यावर श्वासातला कार्बन मोनॉक्साइड फारच कमी निघाला. निनादने हा प्रयोग वाचला होता. मी तो मान्य केल्यावर त्याचे खांदे जरा सैल झाले. ताईंचा चेहरा उतरला.

त्यांना मी म्हटलं, "तुमची बाजू अजून व्हायची आहे." मग निनादला एक वही दिली. त्याने पहिल्याच भेटीत "मला अहोजाहो नको" म्हणून सांगितलं होतं, म्हणून त्याला तू म्हणते. "आठवडाभर काही कमी करू नकोस. फक्त प्रत्येक वेळी लिही. किती वाजता, किती झुरके आणि का."

पुढच्या आठवड्यात तो एकटाच आला आणि वही देताना माझ्याकडे बघत नव्हता. दिवसाला नऊ वेळा, अकरा वेळा, एका रविवारी चौदा वेळा. सकाळी दात घासण्याआधी. कामाच्या मीटिंगला जाण्यापूर्वी. जेवणाआधी, कारण त्याशिवाय भूक लागत नव्हती. 'का' या रकान्यात पहिले दोन दिवस काहीबाही लिहिलं होतं. पुढे तो रकाना कोरा.

त्या वहीवर आम्ही तासभर बोललो. जॉइंट होता तेव्हा गांजा घ्यायचा म्हणजे एक कामच असायचं. चुरा करायचा, वळायचा, घरातले झोपायची वाट बघायची, गच्चीत जायचं, हात-तोंड धुवायचं, कपड्यांचा वास घालवायचा. घसा जळायचा, दुसऱ्या जॉइंटच्या आधीच खोकल्याची उबळ यायची. हे सगळे अडथळे होते आणि ते कोणी मुद्दाम घातले नव्हते. पेनाने ते एका झटक्यात काढून टाकले. वास जवळजवळ नाही, राख नाही, घसा जळत नाही, बाथरूममध्ये दोन झुरके घेऊन माणूस परत कामाला बसू शकतो. खोकला हा त्याचा आजार होता हे खरंच. पण तोच त्याचा ब्रेकही होता, हे तोपर्यंत मला उमगलं नव्हतं आणि त्यालाही नाही.

"पण मॅडम, मी घेतो तेवढंच घेतो. झुरके लहान असतात." लहान झुरक्यातही माल किती आहे ते बघावं लागतं, म्हणून मी त्याला दुसऱ्या एका प्रयोगाबद्दल सांगितलं. २०१८ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी १७ माणसांना, म्हणजे क्वचितच गांजा घेणाऱ्यांना, एकदा धुरातून आणि एकदा वाफेतून अगदी सारख्याच मात्रा दिल्या: १० आणि २५ मिलिग्रॅम टीएचसी. वाफ घेतल्यावर रक्तातला टीएचसी जास्त चढला, नशा जास्त आली, लक्ष आणि हालचाली जास्त बिघडल्या. जळताना काही टीएचसी नष्ट होतो आणि काही जॉइंटच्या टोकावरून हवेत उडून जातो. वाफेत ते नुकसान कमी होतं. म्हणजे फुप्फुसांच्या दृष्टीने जे यंत्र बरं, तेच मेंदूपर्यंत जास्त माल पोचवणारं ठरू शकतं.

आणि निनाद तर वाळलेला गांजाही वापरत नव्हता. १९९५च्या सुमारास अमेरिकेत जप्त होणाऱ्या गांजात सरासरी ४ टक्के टीएचसी असायचा, २०१४पर्यंत तो १२ टक्क्यांवर गेला होता. कार्ट्रिजमधल्या अर्कात ६० ते ९० टक्केही असू शकतो. 'वेप' हा एकच शब्द या दोन्ही गोष्टींना वापरतात आणि मला वाटतं निम्मा घोटाळा तिथेच होतो. २००७च्या प्रयोगातली वाफ गांजा तापवून काढलेली होती. तो दाखला खिशातल्या तेलाच्या पेनाला लावता येत नाही.

तेलाचं आणखी एक सांगायला हवं, कारण फुप्फुसं वाचली असं धरून निनाद निश्चिंत होता. २०१९ साली अमेरिकेत अचानक तरणीताठी माणसं दम लागून रुग्णालयात दाखल व्हायला लागली. फेब्रुवारी २०२०पर्यंत हा आकडा २,८००च्या वर गेला आणि ६८ जण दगावले. बहुतेकांनी टीएचसीची कार्ट्रिज ओढली होती, तीही बरेचदा ओळखीपाळखीतून किंवा बेकायदा विक्रेत्यांकडून घेतलेली. तेल दाट दिसावं म्हणून त्यात घातलेलं व्हिटॅमिन ई अॅसिटेट हे मुख्य कारण निघालं. त्वचेवर लावायला किंवा पोटात घ्यायला जे चालतं, ते तापवून फुप्फुसात ओढलं की घात करतं. निनादने पेन उचलून उजेडात धरलं. त्यात काय आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. देणाऱ्यालाही असेल याची खात्री नव्हती. वाफ घेणाऱ्याला दम लागला, छातीत दुखलं, ताप आला, तर थांबून बघू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं आणि काय ओढलं ते न लपवता सांगावं.

तिसऱ्या भेटीत त्याने स्वतःहून एक गोष्ट सांगितली, जी ताईंना माहीत नव्हती. महिन्यापूर्वी एका रात्री लागोपाठ बरेच झुरके घेतले आणि दहा मिनिटांत हृदय इतकं धडधडायला लागलं, की आपण मरतो आहोत असं वाटून तो तातडीच्या विभागात जाऊन बसला होता. ईसीजी ठीक निघाला. टीएचसीने नाडीचा वेग वाढतोच, त्यात मात्रा जास्त झाली की भीतीचा झटका येतो आणि ती भीती धडधड आणखी वाढवते. ओढलेला किंवा वाफेतून घेतलेला गांजा काही मिनिटांतच चढतो, अर्ध्या तासाच्या आत टोकाला जातो आणि पुढे दोन ते चार तास ओसरत राहतो. त्यानंतर गाडी चालवण्याचं भान मात्र आणखी काही वेळ कमीच असतं. त्या रात्री तो स्वतः गाडी चालवत रुग्णालयात गेला होता. हे सांगताना त्याचा आवाज बदलला.

मग मी विचारलं, "सोडून बघितलंस का कधी?"

तीनदा. तिन्ही वेळा चौथ्या-पाचव्या दिवशी परत. झोप येईना, आली तर इतकी भडक स्वप्नं की घामाघूम होऊन जाग यावी. जेवण जाईना, ताईवर विनाकारण ओरडणं. "त्यावरून मला कळलं की मला याची खरंच गरज आहे. माझी झोपच तशी आहे."

बहुतेक जण इथेच फसतात. टीएचसीने सुरुवातीला झोप लवकर लागते, पण स्वप्नांची झोप दबून राहते. गांजा थांबला की ती उसळून येते. चिडचिड, निद्रानाश, भूक मरणं ही गांजा सुटण्याची लक्षणं आहेत. साधारण पहिल्या-दुसऱ्या दिवशी सुरू होतात, पहिल्या आठवड्यात शिगेला पोचतात आणि दोन-तीन आठवड्यांत उतरतात. तो दर वेळी बरोबर चढणीच्या मधोमध मागे फिरला होता आणि त्या चढणीलाच आपला स्वभाव समजून बसला होता. "गांजाचं व्यसन लागत नाही" असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. घेणाऱ्यांपैकी साधारण दहातल्या एकाला ते लागतं, विशीच्या आत सुरुवात केलेल्यांमध्ये सहातल्या एकाला, आणि रोज घेणाऱ्यांमध्ये त्याहूनही जास्त जणांना. यात धूर की वाफ याने फरक पडत नाही. मेंदूतल्या ज्या रिसेप्टरवर टीएचसी बसतो, त्याला तो कोणत्या वाटेने आला हे कळत नाही.

चौथ्या भेटीला ताईंना बोलावलं. उठता उठता त्या दाराशी थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "आमच्या मामाला भास व्हायचे. भिंतीतून लोक बोलतात म्हणायचा. निनादला असं काही होणार नाही ना?"

मी त्यांना परत बसवलं. ही माहिती पहिल्याच दिवशी मी विचारून घ्यायला हवी होती. ती चूक माझी. २०१९ साली युरोप आणि ब्राझीलमधल्या ११ ठिकाणांचा मिळून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज आणि जास्त तीव्रतेचा गांजा घेणाऱ्यांत सायकोसिसची, म्हणजे भास आणि भ्रमांच्या आजाराची, शक्यता कधीच न घेणाऱ्यांच्या जवळजवळ पाचपट दिसली. त्या अभ्यासात १० टक्के टीएचसीलाच 'तीव्र' म्हटलं होतं. रोज घेणाऱ्या बहुतेकांना हा आजार होत नाही, हेही खरं. पण घरात कोणाला तो झालेला असेल, तर मी त्या माणसाला "कमी कर" म्हणत नाही, "थांबव" म्हणते. त्याच दिवशी निनादला विचारलं. कोणी मागे बोलतंय असं वाटतं का? लोक मुद्दाम बघतात असं? तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "ऑफिसात कधीकधी. वाटतं, सगळ्यांना कळलंय."

मी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी तपासलं. आजार नव्हता, पण संशयाची ही छटा त्यांनीही गंभीरपणे घेतली. "मग परत जॉइंटवर जाऊ का, कमी तरी घेतलं जाईल?" असं त्याने मला एकदा विचारलं. विचारण्यात लबाडी नव्हती, म्हणून मीही सरळ उत्तर दिलं. नाही. फुप्फुसं पणाला लावून मात्रा आवरायची, हा कोणाच्याच फायद्याचा सौदा नाही.

त्याने पेन ताईंकडे दिलं. सुटीला जोडून तारीख ठरवली, म्हणजे सगळ्यात वाईट दिवसांत काम नको. झोप उडेल, स्वप्नं येतील, जेवण जाणार नाही हे आधीच त्याच वहीत त्याच्याच हाताने लिहून ठेवलं, आणि पुढे कितव्या दिवशी उतार पडतो तेही. सहाव्या रात्री तो मित्राकडे जाऊन ओढून आला आणि सकाळी त्यानेच कळवलं. आम्ही दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले नाहीत, तिथूनच पुढे चालू ठेवले.

त्या रात्रीनंतर तीन महिने झाले. या काळात दोनदा घेतलं, दोन्ही वेळा लग्नासमारंभाच्या गर्दीत. संशय गेला आहे. झोप अजून पूर्ण बसलेली नाही. "कधीतरी, वर्षातून एकदा?" हे तो अजून विचारतो. माझं उत्तर मामांमुळे तेच आहे आणि ते त्याला अजून पटलेलं नाही.

वही मात्र तो लिहितो. 'किती' हा रकाना आता बहुतेक रिकामा असतो आणि 'का' हा भरलेला. मागच्या आठवड्यातली नोंद अशी आहे: "११.४०. खूप तलफ. घेतलं नाही. ताईला फोन केला. ती झोपली होती, तरी उचलला."