कोल्हापुरात घरच्या बागेत सायक्लेमेन बियांपासून वाढवता येईल का? केव्हा पेरावं?

हो, येईल, पण जमिनीत नको, कुंडीत लावा आणि पेरणी नोव्हेंबरच्या मध्यानंतर करा. हे कंदापासून वाढणारं फुलझाड मूळचं भूमध्य समुद्राकाठचं. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो, आपल्याकडे नेमकं उलट. म्हणून आपल्या जून ते सप्टेंबरच्या पावसात उघड्यावर ठेवलेला कंद हमखास सडतो.

बी शक्यतो ताजं घ्या. जुनं, वाळकं बी फार उशिरा आणि मागेपुढे उगवतं. रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, वरचा चिकट गोड थर चोळून धुवा (मुंग्या त्यासाठीच बी पळवतात). कोकोपीट, पानांचं कुजलेलं खत आणि जाड वाळू समभाग घ्या, काळी माती अजिबात नको. बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल पेरा आणि कुंडी काळ्या प्लास्टिकने झाका, कारण याला अंधार लागतो. तापमान १५ ते १८ अंश हवं, २० च्या फार वर गेलं की उगवण अडते. दीड-दोन महिने काही दिसलं नाही तरी कुंडी उपसू नका! आधी मातीखाली इवलासा कंद तयार होतो, मग एकच पान वर येतं.

पानं पिवळी पडली की पाणी कमी करत न्या आणि कुंडी पावसाळाभर पागोळीपासून दूर, सावलीत ठेवा. फुलाला दोन-तीन वर्षं लागतात. मात्र काटक जातींपैकी 'हेडेरिफोलियम'च निवडा. 'कोम' या दुसऱ्या काटक जातीला आपला एप्रिल-मे झेपणं कठीण.