घोड्यावर कधी बसलेलो नाही, तरी ड्रेसाजच्या स्पर्धेत व्हॉलंटियर म्हणून माझा काही उपयोग होईल का?

होईल, नक्की होईल. ड्रेसाज म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या हालचाली नेमक्या करून घ्यायची स्पर्धा, आणि तिला घोड्यावर न बसणारी माणसंही लागतात. तुम्ही लिहिलंय की घोड्याची जरा भीतीच वाटते, तर आमच्या नाशिकच्या छोट्या शोजना एक नाना यायचे त्यांचं सांगते, कारण ते आयुष्यात एकदाही घोड्यावर बसले नाहीत, घोड्याला गूळसुद्धा मोतद्दाराच्या हातून द्यायचे, आणि तरी त्यांच्याशिवाय आमचा शो सुरू व्हायचा नाही. गेल्या पावसाळ्यात गेले ते.

नाना नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले. नातीला रायडिंगला सोडायला यायचे, ती तासभर फिरणार आणि हे बाहेर बाकावर पेपर वाचणार. एका शोला कुणीतरी सहज त्यांच्या हातात मार्कांच्या शीटचा गठ्ठा दिला, जरा धरा म्हणून, तर यांनी ते सगळे मोजले, रायडर्सच्या यादीशी ताडून बघितले आणि एक कमी आहे म्हणून सांगितलं. तिथून मग ते आमचेच झाले.

आता काम काय असतं ते सांगते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्क्राइब. मैदानाच्या कडेने अक्षरांच्या पाट्या असतात, त्यातल्या सी अक्षराच्या मागे जज टेबलावर बसतात, त्यांची नजर घोड्यावरून हलता कामा नये, म्हणून ते बोलणार आणि शेजारी बसलेला माणूस लिहिणार. टेस्टमधल्या, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या क्रमातल्या, प्रत्येक मूव्हमेंटला 0 ते 10 मार्क, अर्धा मार्कही चालतो, सोबत एखादी छोटी कमेंट, "नॉट स्ट्रेट", "हरीड", असं. ऐकायला सोपं वाटतं पण एक मूव्हमेंट संपायच्या आत दुसरी सुरू झालेली असते, आणि एक रकाना चुकला की खालचे सगळे मार्क एकेक घर सरकतात. नानांनी स्वतःची खुणांची भाषा केली होती, सरळ नाही म्हणजे तिरकी रेघ, घाई म्हणजे दोन टिंबं, आणि टेस्ट संपली की जज सही करायच्या आत ते सगळं नीट अक्षरात लिहून काढायचे, कारण शेवटी तो कागद रायडरच्या हातात जातो आणि त्याला तो वाचता आला पाहिजे. एखादा मार्क ऐकू आला नाही तर लगेच विचारायचा, अंदाजाने कधीच टाकायचा नाही. एकदा एक जज यावर चांगलेच वैतागले होते, नाना शांतपणे पेन धरून बसून राहिले, मार्क मिळाल्यावरच पुढे लिहिलं. आणि स्क्राइबने स्वतःचं मत द्यायचं नाही, चेहऱ्यावरही आणायचं नाही! नात ज्या क्लासमध्ये असेल त्या क्लासला तर ते टेबलाजवळ फिरकायचेच नाहीत, पार्किंगमध्ये जाऊन गाड्या लावत बसायचे.

दुसरं काम अरिना, म्हणजे स्पर्धेचं मैदान, आखायचं, ते आदल्या दिवशीचं, आणि याला माणसं सगळ्यात कमी मिळतात. छोटा अरिना 20 बाय 40 मीटरचा. लांब बाजूला कोपऱ्यापासून 6 मीटरवर पहिलं अक्षर, मग 14, मग 14, परत शेवटी 6. पण नुसत्या बाजू मोजून चौकोन काटकोनात येतोच असं नाही, म्हणून नाना कर्ण मोजायचे, दोन्ही कर्ण 44.72 मीटर आले पाहिजेत, नाहीतर सगळे खुंट उपटून परत. आम्ही म्हणायचो नाना राहू द्या हो, वीतभराने कुणाला कळणार आहे. त्यावर त्यांचं ठरलेलं, की रायडरने 20 मीटरचा सर्कल बरोबर काढायचा आणि आपण मैदान वाकडं द्यायचं, मग मार्क कुणाचे कापायचे? डिसेंबरातल्या नाशिकच्या थंडीत कानटोपी घालून, हातात टेप आणि चुन्याची पाटी, असे ते अंधार पडेपर्यंत चालू असायचे.

वेळेचंही तेच. घंटा वाजल्यापासून 45 सेकंदांत रायडरने ए मधून आत यायचं असतं, नाना घड्याळ घेऊन उभे. पाहुण्यांच्या भाषणामुळे वेळापत्रक पुढे ढकललेलं त्यांना अजिबात खपायचं नाही, आणि खरं सांगू, मलाही नाही खपत, कारण तोवर घोडे वॉर्मअप करून करून दमतात.

2023 मध्ये हांगचौच्या एशियन गेम्समध्ये आपल्या ड्रेसाज टीमला गोल्ड मिळालं, घोडेस्वारीत 1982 नंतरचं पहिलंच, तेव्हा ग्रुपवर नुसते फटाके आणि झेंडे चालले होते. नानांनी काय पाठवलं, तर एका जुन्या पाकिटाच्या मागे केलेल्या बेरजेचा फोटो. अनुष अगरवाला 71.088 टक्के, हृदय छेडा 69.941, दिव्यकृती सिंग 68.176, खाली 209.205, आणि शेजारी बरोबरची खूण. चौथी सुदीप्ती हजेला, टीमचे सर्वात चांगले तीनच स्कोअर धरतात म्हणून तिचा बेरजेत आला नाही, पण नानांनी तो आकडाही बाजूला लिहिला होता, 66.706, आणि खाली "हीसुद्धा होती".

ते गेल्यानंतरच्या शोला आम्ही त्यांची कामं वाटून घ्यायला बसलो तेव्हा बराच वेळ कुणी टेपच उचलेना. आता नात कर्ण मोजते, आजोबांपेक्षा जास्त ओरडते.

तुम्ही एकदम स्क्राइबला बसू नका. पहिल्या शोला रनर व्हा, म्हणजे जजच्या टेबलावरून शीट उचलून स्कोअरिंगच्या खोलीत नेऊन द्यायचे. तिथे दोन जण वेगवेगळी बेरीज करतात, काही मूव्हमेंटचे मार्क दुप्पट धरायचे असतात ते तिथे बसून कळतं. मग एखाद्या स्क्राइबच्या मागे खुर्ची टाकून बसा, आणि घरी यूट्यूबवर टेस्ट लावून कुणाला तरी मार्क बोलायला लावून लिहून बघा. घोड्याच्या मागून जायचं नाही, छत्री फाडकन उघडायची नाही, मोबाईल बंद. नाशिकला असाल तर थंडीत या, आदल्या दिवशी दुपारी आलात तर फारच बरं, खुंट ठोकायला माणसं हवीच आहेत.